भाताचा खटला

आंतोनने चादर उचलली. खालची गादी काळ्या-लाल रक्ताने भिजली होती. सोमा ओरडला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर गार घाम होता, आणि तो आढ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "आता हलकं वाटतंय." आंतोनने त्याची नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. दाराशी रहमत उभा होता. त्याच्या हातात आदल्या संध्याकाळचं वाडगं होतं, घासायला मला द्यायला आणलेलं. त्याच्या काठाला भाताची शितं वाळून चिकटली होती. केकी पायात काही न घालता डॉक्टरांसाठी टांगा बघायला रस्त्याकडे पळाला. माझ्या सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. "म्या तर लय मऊ शिजवला व्हता," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, कळलं नाही.

सकाळची वेळ होती. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत टाकल्या होत्या. दसरा होऊन गेलेला, पाऊस गेलेला, आणि आश्विनातलं ते ऊन, जे सकाळपासूनच मानेवर बसतं. माझं पोर कडेवर होतं. मी त्याला घेऊन मागे सरले. सोमाचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण आधी पोर.

दर वर्षी हे ऊन पडलं की मला ते सगळं आठवतं, असं मी म्हणणार नाही. मधली कित्येक वर्षं आठवलं नाही. संसार होता, मुलं होती, त्यांची दुखणी होती, मालकांच्या बदल्या होत्या. दसऱ्यानंतरचं ऊन यायचं, मी त्यात गोधड्या वाळवायची, शेंगा वाळवायची, आणि ते जायचं. ह्या वर्षी आठवलं ते नातीमुळे.

नात पुण्याला कायदा शिकते, बी.ए. झाल्यावर. सुट्टीत घरी येताना वर्गातल्या दोघांना घेऊन आली. एक नेपाळचा मुलगा, एक टांझानियाची मुलगी. "थोड्या दिवसांसाठी त्यांना घरी जाता येत नाही, आजी. वसतिगृह ओकंबोकं असतं." मी म्हटलं, राहू देत, भाकरी चालते का त्यांना? मुलीने भाकरी खाल्ली, आणखी मागितली, आणि ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी ताट सोडलं नाही. मला ती आवडली. जेवण झालं आणि तिघं बाहेरच्या खोलीत भांडायला लागले. हातवारे काय, आवाज काय. मी उठून गेले. नात हसली. "भांडण नाही गं, स्पर्धेची तयारी आहे. खोटं कोर्ट असतं आमचं."

"मग ह्यात खरं कोणाचं?"

"तसं नसतं आजी. बाजू चिठ्ठी टाकून ठरते. आज मी ह्या बाजूने, उद्या त्या बाजूने. मांडणी महत्त्वाची."

मी माझ्या जागेवर येऊन बसले. वरती पंखा नुसती गरम हवा ढकलत होता. एवढ्या वर्षांनी तीच चिठ्ठी माझ्या घरात आली होती, आणि तेच ऊन दाराबाहेर होतं. नंतर नातीला थोडं सांगितलं, तर ती म्हणाली लिहून काढ. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. जसं झालं तसं लिहिते.

तेव्हा आम्ही गंगापूरच्या रस्त्याला एका बंगल्याच्या आवारात राहायचो. बंगला मुंबईच्या एका शेठचा. सासरे तिथले माळी आणि राखणदार, आणि सासूबाई उतरणाऱ्या पाहुण्यांना रांधून घालायच्या. माझे मालक रेल्वेत, इगतपुरीला, रजा मिळाली की यायचे. मी सतरा-अठराची असेन. पोर अंगावर पीत होतं. मुंबईची माणसं नाशिकला हवा खायला यायची, तशी आमच्याकडेही यायची, पण ती बहुतेक म्हातारी आणि खोकणारी. त्या वर्षी पाऊस संपता संपता हे चार तरुण आले. वकिलीची शेवटची परीक्षा दिवाळीनंतर होती. अभ्यासाची रजा लागली तशी वर्गातली बाकीची मुलं आपापल्या गावी गेली. ह्यांची गावं समुद्रापलीकडे. बोटीने जाऊन यायलाच रजा संपली असती. मुंबईतल्या खोलीत ओल आणि ढेकूण. म्हणून चौघांनी मिळून बंगल्याच्या दोन खोल्या आणि व्हरांडा घेतला.

रहमत झांजीबारचा. तिकडे त्यांची लवंगांची बाग होती आणि त्याच्या ट्रंकेलाही लवंगेचा वास यायचा. उंच, देखणा, आणि बोलायला लागला की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया घागर धरून उभ्या राहत. केकी एडनचा पारशी, गोल आणि गोरा, त्याला आमच्या उन्हाचं काही वाटत नसे. "मावशी, ह्या तुमच्या उन्हात आमच्या एडनची माणसं शाल घेऊन बसतील," असं म्हणायचा. आंतोन गोव्याचा. गोवा काही फार लांब नाही, पण तिथे राज्य फिरंग्यांचं, म्हणून तोही परदेशीच. तो घरी का गेला नाही विचारलं तर म्हणाला, "घरात सगळे व्हायोलिन वाजवतात, वहिनी. अभ्यास होत नाही." बोलण्यात एकदम कच्चा. चार वाक्यं बोलायची तर घाम फुटायचा. वकील कसा होणार होता देव जाणे.

आणि सोमा, मोरसचा, हल्ली मॉरिशस म्हणतात तिथला. आजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेले ते तिकडेच राहिले. सासूबाईंनी मोरस म्हटल्याबरोबर विचारलं, "साखर येती तिथला? मंग गोडच आसंल." गोड होताच. त्याने मराठी आजीकडून उचललेली, त्यामुळे पंचविशीतला पुरुष ऐंशीच्या कोकणी म्हातारीसारखा बोलायचा. "वहिनी, वायच पाणी देतंस?" वायच म्हणजे थोडं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सासरे त्याला मुद्दाम बोलतं करायचे आणि धोतर तोंडाला लावून हसायचे. त्याच्यामागे त्याच्या वस्तीतली सगळी माणसं होती, ऊस तोडणारी. त्यांच्यातला तो पहिला शिकलेला. परीक्षेनंतरच्या बोटीत त्याची जागा धरलेली होती. ह्या खेपेला परीक्षा झाली तर झाली, पुन्हा बसायला त्याला राहता येणार नव्हतं.

एका पंगतीत मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि मराठा, आणि वाढणारी मी. आम्ही माळी, आम्हाला त्याचं काही नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या बाईला होतं. तिने एकदा सासूबाईंना गाठलं. "ताटं कशी घासता गं त्यांची?"

"राखेनं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या अभ्यासाची एक रीत होती. दिवेलागणीला व्हरांड्यात कोर्ट बसायचं. एक जण न्यायाधीश, ती पाळी दर आठवड्याला बदलायची. दोघे वकील. उरलेला कारकून, साक्षीदार, चोर, जे लागेल ते. कोणत्या बाजूने बोलायचं ते केकीच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आपल्याला काय वाटतं ह्याचा प्रश्न नाही. जी चिठ्ठी आली ती बाजू जीव तोडून लढवायची, ह्यालाच ते अभ्यास म्हणायचे. आणि समोर मांडलं गेलं तेवढंच न्यायाधीशाने धरायचं. त्याला स्वतःला काय माहीत आहे ते धरायचं नाही. सुरुवातीला पुस्तकातले खटले चालायचे, इंग्रजीत, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मग घरातले चालायला लागले. अंघोळीला आधी कोण, खिडकीजवळची खाट कोणाची. जो निकाल लागेल तो मोडायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. आणि तो त्यांनी पाळला. चार मुलुखांची चार माणसं एका छपराखाली भांडल्यावाचून राहिली ती त्यामुळेच, हेही सांगायला हवं.

आमच्या शेळीवर खटला झाला तो दिवस मला अजून आठवतो. तिने केकीच्या जाड्या पुस्तकाची पानं खाल्ली होती. शेळीला व्हरांड्याच्या खांबाला बांधलं. तिचा वकील रहमत. साक्षीदार मी. रहमत मला म्हणाला, "भाभी, खरं सांगा. ह्या गरीब बाईने पुस्तक मागितलं होतं का? नाही. उघडं कोणी ठेवलं? ज्याला वाचायचा कंटाळा होता त्याने." सगळे हसले. शेळीने मध्येच लेंड्या टाकल्या, तर केकी ओरडला, "हा कोर्टाचा अपमान हाय!" शेळी सुटली. केकीनेच दुसऱ्या दिवशी तिला केळ्याची सालं घातली. दिवस चांगले होते ते.

नवरात्र लागायच्या सुमाराला, वणीला निघालेली माणसं रस्त्याने अनवाणी जाताना दिसायला लागली, तेव्हा सोमाला ताप आला. आधी हिवताप म्हणून काढा दिला. मग गावातून टांग्याने डॉक्टर आले, जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, मुदतीचा ताप आहे. हल्ली त्याला टायफॉइड म्हणतात आणि गोळ्या देतात. तेव्हा गोळ्या नव्हत्या. ताप आपल्या मुदतीने यायचा, आपल्या मुदतीने जायचा, आणि जाताना माणूस ठेवायचा की न्यायचा ते त्याच्या मनावर. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "ताकाची निवळ, मोसंबीचा रस, जवाचं पाणी. दाणा पोटात जाता कामा नये. ताप उतरला तरी नाही. आतडं आतून सोललेलं असतं. मी सांगेन तेव्हाच."

मी रोज ताक घुसळून निवळ काढायची. कंटाळा आला होता त्या निवळीचा, मलाच, मग त्याला किती आला असेल. सोमाच्या गालांची हाडं वर आली. मनगट माझ्या मनगटापेक्षा बारीक झालं. आंतोन त्याच्या खोलीतच झोपायचा, त्याचं सगळं करायचा, गू-मूतसुद्धा. बाकीचे दोघे बाहेरून पुस्तकं वाचून दाखवायचे, म्हणजे सोमाचा अभ्यास बुडू नये. तो डोळे मिटून कलमं ऐकायचा, आणि मध्येच विचारायचा, "आज वहिनीने काय रांधलंय?"

दसऱ्यानंतर ताप उतरला. अंग गार लागायला लागलं. पण खेड्यापाड्यांत साथ होती आणि डॉक्टर तिकडे गुंतलेले, दोन दोन दिवस फिरकत नसत. नेमके तेव्हा मालक इगतपुरीहून आले, आणि येताना हळव्या भाताचा नवा तांदूळ घेऊन आले. त्या बाजूला भात लवकर निघतं. नवा तांदूळ शिजला की त्याचा वास घरात थांबत नाही, आवारभर फिरतो. मी निवळ घेऊन आत गेले तर सोमा उशीवर मान उचलून बसलेला.

"वहिनी, हा वास कसला?"

"भाताचा."

"नव्या?"

"नव्या."

तो रडायला लागला. लग्नाच्या वयाचा माणूस, भाताच्या वासाने रडला. "वायच पेज दे," म्हणाला. "आजी असती तर तिने दिली असती."

दुपारच्या पंगतीत सासूबाईंनी विषय काढला. "द्यावा की वाटीभर. अन्नाबिगर माणूस जगतंय व्हय? ताकाच्या पाण्यावर कोंबडं बी जगायचं नाय."

"नाका, मावशी," आंतोन म्हणाला. "डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"डॉक्टरला लागली नाय त्याची भूक."

तेव्हा रहमतने हातातला घास खाली ठेवला. "मावशी, ऐका माझं. माझा चुलतभाऊ असाच गेला. ताप उतरला होता, उठून बसला होता, हसत होता. घरच्यांनी लाडाने भात दिला. दुसऱ्या दिवशी त्याला दफन केलं. दाणा द्यायचा नाही." सगळ्यांनी ऐकलं. केकीने ऐकलं, आंतोनने ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. विषय तिथे संपायला हवा होता.

पण आतल्या खोलीत सोमानेही ते पडल्या पडल्या ऐकलं होतं, आणि मनाशी काही ठरवलं होतं. संध्याकाळी तो म्हणाला, "मला कोर्टापुढे जायचंय."

"अरे वेडा," केकी म्हणाला, त्या आठवड्यात न्यायाधीश तोच होता, "हे काय शेळीचा खटला हाय?"

"शेळीला मिळालं, मला नाही?" सोमा म्हणाला. "निकाल मोडायचा नाही हे तुम्हीच म्हणता. मग माझा करा निकाल. नाही म्हणालात तर पुन्हा मागणार नाही. परीक्षा तोंडावर आलीय, मला उभं राहता येत नाहीय. असा मी मुंबईला जाणार कसा?"

त्यांनी ऐकलं. मला वाटतं, त्यांना वाटलं की कोर्ट नाही म्हणेल आणि रोजची कटकट संपेल. खुर्च्या सोमाच्या खाटेभोवती मांडल्या. सासूबाईंना कळावं म्हणून सगळं हिंदुस्तानी-मराठीत बोलायचं ठरलं, कारण चूल त्यांची. केकीने टोपी काढली. दोन चिठ्ठ्या टाकल्या. एक भात द्यावा, एक देऊ नये.

मी समोरच भिंतीशी पोराला थोपटत बसले होते. रहमतने चिठ्ठी उघडली, वाचली, तिची घडी केली आणि खिशात घातली. मला वाटलं, आता हा म्हणेल की ही नको, बदलून द्या. पण बदलायची रीत नव्हती. कोणी कधी बदलली नव्हती. तो उठून उभा राहिला. त्याला भात द्यावा ही बाजू आली होती.

सुरुवात त्याने अडखळत केली. भरलेली घागर घेऊन चिखलातून चालावं तसा बोलत होता. मग त्याला सूर सापडला. तो म्हणाला, डॉक्टरांनी जपायला सांगितलं ते तापामुळे, आता ताप कुठे आहे? हात लावून बघा. तो म्हणाला, शरीर कोणाचं? माझा अशील सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, स्वतःच्या पोटाचा मालक आहे. तो म्हणाला, भुकेने माणूस मेला तर त्याची जबाबदारी डॉक्टर घेणार, की तुम्ही? आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "हुजूर, फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटच्या दिवशी विचारतात, बाबा, काय खाशील? माझ्या अशिलाचा गुन्हा काय?"

सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. सोमाही रडत होता आणि हसत होता. मी पोराला थोपटायचं विसरले होते. एवढं चांगलं बोललेलं मी नंतर कधी ऐकलं नाही.

आंतोन उठला. "डॉक्टर नको म्हणाले," तो म्हणाला. "म्हणून नको."

"ते आलं," केकी म्हणाला. "दुसरा मुद्दा?"

"आतडं... कच्चं असतं आत."

"हुजूर," रहमत बसल्या जागेवरून म्हणाला, "माझ्या विद्वान मित्राने आतडं आत जाऊन बघितलं आहे काय?"

सगळे हसले. सोमासुद्धा हसला. आंतोन लालबुंद झाला.

केकी त्याच्याकडे बघत राहिला. वाट बघत होता, हे मला दिसत होतं. "आणखी काही? नीट आठव, आंतोन. काहीच नाही?" आंतोनने रहमतकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. खाली बसला.

चुलतभावाचं एक वाक्य तिथे कोणीतरी बोलायचं होतं. ते दुपारी ताटावर सगळ्यांनी ऐकलं होतं. पण ज्याचं ते होतं तो दुसऱ्या बाजूला उभा होता, आणि न्यायाधीशाला समोर न आलेलं धरता येत नव्हतं. शेळीच्या वेळी मी साक्षीदार होते. ह्या वेळी मला कोणी पुकारलं नाही.

केकीने टोपी डोक्यावर घातली. "अर्ज मंजूर. एक वाटी. एकदम मऊ."

त्याचं बोलणं संपायच्या आत सासूबाई चुलीपाशी पोचल्या होत्या. भात त्यांनी इतका शिजवला की शितं फुटून गेली. सोमाने बोटांनी खाल्लं, सावकाश, प्रत्येक घासाला डोळे मिटून. वाडगं रहमतने धरलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

आणि मग सकाळ झाली, ती वर सांगितली आहे.

डॉक्टर आले, त्यांनी पोटाला हात लावला, आणि वळून विचारलं, "कोणी दिलं काय खायला?"

केकी म्हणाला, "कोर्टाने."

"कोणत्या कोर्टाने?" डॉक्टर म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. "म्या दिला. ह्या हातानं शिजवला. ह्या लेकरांना नका बोलू." डॉक्टर त्यांना काही बोलले नाहीत. चौघांकडे बघून म्हणाले, "तुम्ही वकील होणार ना? व्हा." आणि बाह्या वर केल्या.

मग बर्फाचे दिवस आले. नाशिकरोडहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवर यायची, अर्धी वाटेतच वितळायची. रहमत ती फोडायचा, पिशवीत भरायचा, सोमाच्या पोटावर धरून बसायचा. पाणी चमच्याने. कूस बदलायची नाही. रक्त थांबलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं. बाहेर लोकांची बाजरी निघत होती, शेंगा उकडल्याचा वास यायचा, सीताफळं पिकून फुटायची, आणि आमच्या बंगल्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. व्हरांड्यातल्या खुर्च्या कोर्टात मांडल्या होत्या तशाच सोमाच्या खोलीत राहिल्या. शेळी मोकळी फिरत होती. तिने रहमतचं पुस्तक खाल्लं तरी कोणी उठलं नाही.

आंतोन रक्ताच्या चादरी विहिरीवर नेऊन धुवायचा. सासूबाई ओरडायच्या, "उकळत्या पाण्यात टाका, हात घालू नका त्यात!"

"गरम पाण्याने रक्त बसतं, मावशी. गार पाण्यानेच निघतं. माझी आई सांगते," तो म्हणायचा, आणि कोपरापर्यंत हात घालून चोळायचा.

मी पलीकडे पोराची लंगोटी धूत होते. मी त्याला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी चुलतभावाचं का नाही काढलंत? जिंकला असता."

तो चादर पिळत राहिला. "त्याचा मेलेला भाऊ," तो म्हणाला, "त्याच्याच अंगावर कसा टाकू, वहिनी?"

वकील होण्यासारखा नव्हताच तो. मी तेव्हाच म्हटलं होतं.

ह्यानंतर मी पुष्कळ माणसं बोलताना ऐकली. दिराने वाटणीचा दावा लावला तेव्हा आमचा वकील कोर्टात उभा राहिला आणि असा बोलला की माझ्या जावेच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, ह्याला आमची चिठ्ठी आली आहे. दुसरी आली असती तर तो दुसरं बोलला असता आणि तेवढंच चांगलं. निवडणुकीला दारात येतात ते, लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आणि मुलाकडचे, टीव्हीवर ओरडणारे, सगळ्यांच्या खिशात मला घडी केलेली चिठ्ठी दिसते. ह्याचा मला राग येत नाही. थकवा येतो. बोलणं कानावर पडलं की मी दुसरीकडे बघते. कोणी बोलताना अडखळत असेल तर त्याचं मात्र ऐकते. तोही चुकीचा असू शकतो, पण ऐकते.

दिवाळीच्या आधी केकी आणि आंतोन परीक्षेला मुंबईला गेले. रहमत गेला नाही. त्याचे पेपर बुडाले. केकी म्हणाला, "अरे, इथे भाभी हाय, मावशी हाय, तू काय करणार बसून?" रहमत म्हणाला, "बर्फ फोडीन." एवढंच. ज्याच्या बोलण्याने घागरी थांबायच्या, तो त्या महिन्यात दिवसाला चार शब्द बोलला असेल.

निघताना आंतोनचं डोकं दुखत होतं. उन्हाने असेल, असं तोच म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला सुंठ उगाळून लावली. टांग्यात बसताना कपाळ पिवळट दिसत होतं आणि केकी त्यावरून त्याला हसत होता.

कार्तिकात ऊन मऊ झालं. डॉक्टरांनी स्वतः समोर बसून सोमाला पहिला भात खायला लावला, जुन्या तांदळाचा, मोजून दोन घास. मग वाढत वाढत वाटीभर. तो व्हरांड्यात उन्हाला बसून खायचा. त्याची बोट निघून गेली होती, परीक्षा गेली होती, डोक्यावरचे केस गळून गेले होते. मोरसला काय कळवायचं ते त्याला सुचत नव्हतं. एका सकाळी तो असाच जेवत होता आणि फाटकात टांगा थांबला. केकी एकटाच उतरला.

तो पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आंतोनला परीक्षेतच ताप भरला होता. तसाच बसून त्याने सगळे पेपर लिहिले. मग गोव्याची माणसं राहतात त्या कुडीत, म्हणजे त्यांच्या गावकऱ्यांनी मिळून मुंबईत धरलेल्या खोलीत, तो पडला तो उठला नाही. त्याच्या आईला यायला वेळ मिळाला नाही.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. रहमत उठून विहिरीकडे गेला. सोमाच्या तोंडात घास होता. त्याने तो थुंकला नाही. चावून गिळला, उरलेला भातही खाल्ला, हळूहळू, एक शीत न टाकता, आणि मग ताटात हात धुतला. सासूबाई नंतर म्हणाल्या, "काळीज हाय का दगड?" मला तसं वाटलं नाही. त्याने आणखी काय करायचं होतं?

तो ताप आंतोनला सोमाकडून लागला की मुंबईतच लागला, हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईतही साथ होती म्हणतात. रहमतने ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. केकीने नाही. दोघांचंही मला पटतं.

टांझानियाच्या मुलीला मी जाताना शेंगांची पिशवी दिली. झांजीबार आता त्यांच्याच देशात आहे, असं ती म्हणाली. तिने नातीकडून थोडंफार ऐकलं होतं, आणि फाटकात थांबून नातीला काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "आजी, ती विचारतेय, शेवटी कोण जिंकलं?"

मी तिला सांगितलं, जिंकायचं काही नव्हतं गं त्यात. चौघे आले होते. तिघे जगले. सोमा त्या तिघांतला.